राहिलेलं रडणं

कडुलिंब फुलला की आमच्या घरात एका भांडणाला तोंड फुटतं. चैत्र उतरणीला लागलेला असतो. जालन्यातल्या आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर कुरडया वाळत पडलेल्या असतात, दुपारच्या वाऱ्याबरोबर लिंबाच्या फुलोऱ्याचा तो कडसर गोड वास जिन्यापर्यंत चढतो, आणि मी आत्याबाईंपुढे विषय काढते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, दमा जुना, साखर त्याहून जुनी. डॉक्टर दरवर्षी सांगतात की पाऊस लागायच्या आत यांना साथीच्या तापाची लस देऊन टाका. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण तापही दरवर्षी थोडं रूप बदलून येतो आणि म्हाताऱ्या अंगातला लसीचा जोर लवकर ओसरतो. लस घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं नाही, पण आला तरी माणूस बहुतेक निभावून नेतो. हे सगळं मी सोपं करून सांगते. आत्याबाई हातातलं काम न थांबवता ऐकून घेतात आणि म्हणतात, "झालं का सांगून? मला सुई घ्यायची न्हाई."

परवापरवापर्यंत हे भांडण मी थोडं हसण्यावारी नेत असे. गेल्या श्रावणात मात्र त्यांना असाच साथीचा ताप आला, तो छातीत उतरला, आणि बरेच दिवस त्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडून होत्या. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, या वेळी निभावलं. लस न घेता हाच ताप पुन्हा आला तर मी कसलीच खात्री देणार नाही. घरी आल्यावर आत्याबाई जिना चढताना मध्येच पायरीवर बसल्या, श्वास गोळा केला आणि मला म्हणाल्या, "बघतीस काय? मेले न्हाई अजून." त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, खाली मान घालून पिशव्या उचलत होता.

यंदा फुलोरा आला त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, चार ओळींची बातमी होती. काही वर्षांपूर्वी जिने शाळा-बाजार बंद पाडले होते त्या जुन्या साथीचे रुग्ण पुन्हा थोडे वाढताहेत, काळजीचं कारण नाही, ज्येष्ठांनी जपावं. पूर्वी याच गोष्टीला पहिलं पान पुरत नसे. मी शाळेत गणित शिकवते. एक आकडा दिसला की मला त्याच्या मागचा आणि पुढचा आकडा लागतो. एकट्या आकड्याला मी आकडा मानत नाही. बातमीत मागचा आकडा नव्हता. मी ते पान दुमडून डाळीच्या डब्याखाली घातलं आणि कुकर लावला.

साथीच्या त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवलेला होता. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर जिल्ह्यातले रुग्ण. संध्याकाळी मोबाइलवर आकडा यायचा, मी हात पुसायचे, पेन्सिलीने ठिपका द्यायचे आणि कालच्या ठिपक्याला जोडायचे. लोक म्हणतील काय बाई आहे, पण खरं सांगते, मला ते काम आवडायचं. शाळा बंद होती, मुलं मोबाइलच्या खिडकीत डोकी खाजवत बसलेली असायची, आणि हा एक आलेख मात्र रोज वेळेवर गृहपाठ करून यायचा. आधी चढ, मग माथा, मग दिवाळीपासून सावकाश उतार. संक्रांतीला रेघ इतकी खाली आली की आम्ही तिळगूळ वाटायला चार घरं फिरलो. मग लिंब फुलायला आणि रेघ वर वळायला एकच गाठ पडली. सुरुवातीला ती इतकी हळू वळली की घरात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. नवरा म्हणाला, "पेन्सिल हलली असेल तुझी."

आत्याबाई तेव्हा गावी राहत, पिंपळगाव रेणुकाईला, थोरल्या दिरांकडे. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. साथीची चाल त्यांना त्यांच्या पद्धतीने कळायची. देवीच्या आरतीला कोण आलं नाही, कोणाच्या ओसरीवर दोन दिवस झाडू फिरला नाही, कोणत्या घरातून काढ्याचा वास येतोय. फोनवर त्या मला हे सगळं बातम्यांसारखं सांगायच्या. कधी त्यांचा अंदाज बरोबर निघायचा, कधी साफ चुकायचा. एकदा त्यांनी एका घराला साथ लागली म्हणून जाहीर केलं, आणि ती माणसं लेकीच्या बाळंतपणाला धावड्याला गेलेली निघाली. मी हसले तर म्हणाल्या, "तुझा कागूद तरी कुठं सांगतो कोण कुठं गेलंय ते?"

पण त्यांच्या मनात त्या दिवसांत साथीपेक्षा दुसरंच काही घर करून होतं. पहिल्या चढावर त्यांचा थोरला भाऊ गेला होता. आम्ही त्यांना बापूमामा म्हणायचो. घनसावंगीकडच्या तीर्थपुरीला घर, मोसंबीची बाग, मोठ्या आवाजाचा माणूस. दवाखान्यातून त्यांना परस्पर नेलं. घरच्यांनी तोंड पाहिलं नाही, तर पिंपळगावची बहीण कुठून पाहणार? आत्याबाईंनी बातमी ऐकली, डोक्यावरून अंघोळ केली आणि चुलीपुढे बसून राहिल्या.

ज्यांनी आमच्याकडचं रडणं पाहिलेलं नाही त्यांना हे थोडं सांगावं लागेल. मयताच्या घरी भेटायला जाणं म्हणजे इथे दोन शब्द बोलून येणं नव्हे. बाई गाडीतून उतरते ती गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत चालते. गेलेल्याला हाका मारते, त्याचे गुण सांगते, थोडं त्याच्यावर रागावते. आतली बाई तो आवाज ओळखते आणि आतून साथ देते. मग उंबऱ्यात दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, गालाला गाल, आणि ते बराच वेळ चालतं. शेवटी शेजारीण तांब्या घेऊन येते, "बस करा आता, तोंडावर पाणी घ्या" म्हणते, चहा होतो आणि बोलणं पीकपाण्यावर येतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं जरा नाटकी वाटायचं. शहरात वाढलेल्या, कोपऱ्यात तोंड लपवून रडणाऱ्या घरातली मी. पुढे कळलं की इथे गळ्यात पडून रडल्याशिवाय माणूस गेलेलाच नसतो. तो बाहेरगावी गेल्यासारखा लटकत राहतो.

बापूमामा असे लटकत राहिले. त्यांची बायको गंगामामी आणि आत्याबाई या नुसत्या नणंद-भावजया नव्हत्या. गंगामामी त्या घरात आली तेव्हा पोर होती आणि आत्याबाईंचं लग्न व्हायचं होतं. दोघींनी एका गोधडीत झोपून पहिला हिवाळा काढला होता, एकमेकींच्या वेण्या घातल्या होत्या, सासूच्या म्हणजे आईच्या शिव्या वाटून खाल्ल्या होत्या. आता गंगामामी तीर्थपुरीला भिंतीला पाठ लावून बसली होती. नणंद येऊन रडून गेली की मी उठेन, असं तिने म्हणून ठेवलं होतं. तोवर ती उंबरा ओलांडून कुठेच गेली नाही.

एकदा दोघींनी फोनवर रडून पाहिलं. आत्याबाईंनीच मला सांगितलं. नातवाने फोन मोठ्या आवाजावर लावून दिला. यांनी हेल काढला, तिकडून गंगामामीने साथ दिली आणि मध्येच आवाज तुटला. "हालो, हालो" करता करता रडण्याची चाल चुकली. पुन्हा लागला तेव्हा कुणी सुरू करायचं तेच दोघींना कळेना. "फोनवर रडता येत न्हाई, विजया," त्या म्हणाल्या. "हात कुठं ठिवावं तेच उमगत न्हाई."

मग साठीच्या पुढच्यांना सुई सुरू झाली. गावच्या आरोग्य केंद्रापुढे मांडव घातला होता आणि म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून गेल्या होत्या. आत्याबाईंनी त्या दिवशी मला फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. सुई टोचली ती कळली पण नाही, नंतर अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवलं, प्यायला पाणी दिलं, आणि नर्सबाई म्हणाली, आजी, ताप येईल, अंग दुखेल, घाबरू नका, ही गोळी घ्या, तो सुईचा ताप असतो. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, सुई घेतली म्हणून आजपासून मोकळं नाही. बागेला पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी मोसंबी लागते का? अंगात ताकद तयार व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. मग दुसरी सुई, मग पुन्हा पंधरा दिवस. आणि इकडे माझी रेघ वर चाललीय."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळगावहून एक जीप निघाली. जीपमध्ये सगळ्या सुई घेतलेल्या म्हाताऱ्या. प्रत्येकीचं कुठे ना कुठे रडणं राहिलेलं होतं. कुणाची बहीण, कुणाचा व्याही, कुणाचा जावई. वर्षभर या बायकांनी मनावर दगड ठेवला होता आणि आता त्यांच्या दंडावर सरकारी सुईची खूण होती. त्यांच्या हिशेबी ती सुई म्हणजे रडायला जायचा परवानाच. एक रडणं राजूरला, एक जालन्याच्या अलीकडे, एक अंबडला, शेवटचं तीर्थपुरीला. वाटेवरच्या प्रत्येक घरी सगळ्या मिळून उतरायच्या आणि जिचं नातं ती पुढे व्हायची. जालन्यातून जाताना जीप माझ्या गल्लीच्या तोंडावरून गेली. आत्याबाईंनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, "इथं आजिबात थांबू नको, आतमधी माझी मास्तरीण सून राहती."

मला हे कळलं ते संध्याकाळी, तीर्थपुरीहून त्यांचा फोन आला तेव्हा. आवाज घोगरा पण मोकळा होता. कित्येक महिन्यांत मी तसा ऐकला नव्हता. "झालं गं बाई," त्या म्हणाल्या. "लई हलकं वाटून राह्यलं. गंगाचंबी झालं, माझंबी झालं. ती उद्या-परवा जाऊन सुई घेती म्हणली."

"आत्याबाई, तुम्ही आधी घरी जा," मी म्हटलं. "आणि तब्येत कशी आहे?"

"थोडा ताप हाय. अंबडपासूनच आल्ता. सगळ्याच जणींना हाय. सुईचा हाय, गोळ्या खाल्ल्या बिलकुल टायमावर."

ही चूक आमच्याचकडे होऊ शकते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सुईने ताप येतो हे खरं होतं. साथीनेही ताप येतो हे खरं होतं. दोन तापांच्या मधोमध एक जीप चालली होती, एका कॅनमधून पाणी पीत. कुणाचा ताप कोणता, हे त्या म्हाताऱ्यांना सांगता येत नव्हतं आणि मला घरात बसून सांगता येत नव्हतं. तपासणी कुणीच केली नाही. सुईचा ताप कुठे कुणी तपासतं का?

चार-दोन जणींचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. आत्याबाईंचा उतरला, पुन्हा चढला, मग खोकला लागला, आणि त्या गावी खाटेवर पडून राहिल्या, पण उठल्या. गंगामामी सुई घ्यायला गेलीच नाही, कारण नणंद परत गेल्यानंतर तीन-चार दिवसांतच तिने अंथरूण धरलं. पुढे श्वास लागला. अंबडहून जालन्याकडे आणताना गाडीतच ती गेली. मोसंबीच्या बागांमधून तो रस्ता येतो. मी नेहमी त्या रस्त्याने जाते. तिथे पाहण्यासारखं काही नाही.

तोवर गावंच्या गावं बंद झाली होती. गंगामामीसाठी रडायला कुणीही गेलं नाही.

आत्याबाईंना आम्ही जालन्याला आणलं ते त्यानंतर. भिंतीवरची रेघ तेव्हा कागदाच्या वर निघून गेली होती आणि मी वरच्या बाजूला दुसरा कागद जोडला होता. एके दिवशी त्या उभ्या राहून तो कागद बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, थकल्या असतील, खुर्ची द्यावी. त्यांनी बोट लावलं.

"यातली गंगा कोणती?"

मला ठिपका दाखवता आला असता. त्या दिवसाची तारीख मला माहीत होती. पण गंगामामीची तपासणी झाली नव्हती, आणि मुळात तो कागद रुग्णांचा होता, गेलेल्यांचा नव्हता. मी म्हटलं, "आत्याबाई, मामी यात नाहीत." त्यांनी बोट काढून घेतलं. आकड्यांत न धरलेली माणसं असतात हे मला माहीत होतं, आम्ही शाळेत त्याला त्रुटी म्हणतो आणि कंसात लिहून पुढे जातो. त्या दिवशी मी काही पुढे गेले नाही. भाजी करपली, एवढं आठवतं.

दुसऱ्या सुईची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, नको. पुढची सुई नको, साथीची नको, न्यूमोनियाची नको. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुई घेतली म्हणून त्या निघाल्या, आणि निघाल्या म्हणून गंगा गेली. हा हिशेब त्यांनी एकदाच मांडला आणि मिटवून ठेवला. गावची माणसं, माझा नवरा, दीर, सगळे त्यांना म्हणायचे, "तुझ्यामुळं न्हाई, तिचं आयुष्यच तेवढं होतं." त्या मान हलवायच्या. एकदा मला एकटीला गाठून त्यांनी विचारलं, "तू शिकलेली हायस. माझ्यामुळंच गेली का ती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कळायला मार्ग नाही. कदाचित तुमच्यामुळे, कदाचित जीपमधल्या दुसऱ्या कुणामुळे. कदाचित दूधवाल्यामुळे."

मला खोटं बोलता आलं असतं. पण रेघ वर चढताना ती किती चढली हे दिसतं. कुणाकडून कुणाकडे गेली हे तिच्यात नसतं. मी वर्गात जे शिकवते तेच घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं." त्यानंतर त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, आणि मीही लसीचा विषय फक्त लिंब फुलल्यावरच काढू लागले.

यंदा आखाजीच्या आधी सुलोचनाचा फोन आला. सुलोचना ही गंगामामीची एकुलती मुलगी, परतूरला दिलेली. माझ्या नवऱ्याची मामेबहीण, म्हणून मी तिला ताई म्हणते, आणि आत्याबाई तिची खरीखुरी आत्या. अक्षय तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. सुलोचनाचं माहेर आई गेल्यापासून बंदच होतं. भाऊ नाही, बाग वाट्याने दिलेली. म्हणाली, "वहिनी, आत्याकडं आखाजीला आले तर चालंल का?"

मी आत्याबाईंना विचारलं. त्यांनी आधी "का चालणार न्हाई" म्हटलं आणि मग दोन दिवस घरभर कामं काढली. माठ घासला, उंबरा धुतला, गाद्या उन्हात टाकल्या, दम लागला तरी बसल्या नाहीत. लेकीच्या वयाची भाची घरी येणार म्हणून नव्हे, तिच्या तोंडाकडे बघायचं म्हणून त्यांना धडकी भरली होती. इतक्या वर्षांत त्या सुलोचनाला एकदाच भेटल्या होत्या, एका लग्नात, तेही मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून.

सुलोचना आली ती मोसंब्यांची पिशवी घेऊन. दारात आत्याबाईंनी हात पुढे केला, दुरूनच, जणू पिशवी घ्यायला. सुलोचनाने पिशवी माझ्याकडे दिली आणि सरळ त्यांच्या गळ्यात पडली. रडली मात्र नाही. आत्याबाईंचे हात थोडा वेळ बाजूला तसेच लोंबत राहिले, मग त्यांनी ते तिच्या पाठीवर ठेवले. मी आत जाऊन पाणी आणलं.

सणाचं जेवण झालं. पुरणपोळी, आमरस, तळलेली कुरडई. सुलोचनाने आग्रह केला म्हणून आत्याबाईंनी दोन वाट्या रस घेतला आणि मी साखरेच्या आजाराबद्दल तोंड उघडलं नाही. दुपारी कूलरसमोर आम्ही तिघी बसलो होतो. कूलरच्या गवताचा ओला वास, बाहेर कडक ऊन, लिंबाची फुलं खिडकीच्या कठड्यावर पडलेली. सुलोचना मोसंबी सोलत होती. मी सहज म्हणून बोलून गेले, आणि थोडं मुद्दामही, की ताई, आत्याबाईंना तुम्हीच सांगा, लस घ्यायला तयार नाहीत, गेल्या वर्षी मरता मरता वाचल्या.

"का गं आत्या?" सुलोचना म्हणाली.

आत्याबाई खाली पडलेल्या बिया वेचू लागल्या. सुलोचना एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली, आणि आत्या सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलीय हे तिला कळलं, ते मला तिच्या हाताकडे बघून कळलं. सालीची अखंड उतरत आलेली पट्टी तुटली.

"आत्या," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलंच न्हाई का? आईला आधीच ताप होता."

"कधी?"

"तू यायच्या आदल्या दिवशी. मला फोनवर म्हणली ना ती. अंग तापलंय म्हणली. मी म्हणले, आत्याला सांग, दोन दिवस थांब म्हणावं. तर म्हणली, बिलकुल न्हाई सांगायची, वर्षभर वाट पाहून राह्यले, उद्या माझी नणंद येऊ राह्यली. गोळी खाऊन बसते म्हणली. ताप तुला तिच्याकडनं लागला, आत्या. तुझ्याकडनं तिला न्हाई."

"पण मला तर अंबडपासूनच…" आत्याबाई बोलता बोलता थांबल्या.

मला त्याच वेळी एक आठवलं. गंगामामी गेल्यावर, आत्याबाईंना आम्ही जालन्याला आणलं त्या आठवड्यात, सुलोचनाचा आम्हाला फोन आला होता. आत्याबाई माझ्याशेजारी बसलेल्या होत्या आणि फोन मोठ्या आवाजावर होता. सुलोचना हंबरडा फोडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: आत्या येऊन गेली त्याच्याही आधीपासून आईशी माझं बोलणंच झालं न्हाई, घरात गव्हाची मळणी चालली होती, फोन करू करू म्हणत राहून गेलं. ते वाक्य ऐकून मी तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेले होते.

वर्गात एखाद्या मुलाने मनाने ठिपका दिला तर मी तो खोडायला लावते. त्या दुपारी मी काही खोडलं नाही. सुलोचना मान खाली घालून मोसंबीच्या फोडींवरचं पांढरं काढत होती, गरज नसताना, अगदी बारकाईने. तिची आई गेली होती, आणि ती तिच्या आत्याला वाचवायला बसली होती. माझ्या मनात तिच्याबद्दल जे दाटून आलं त्याला मी प्रेमच म्हणेन.

आत्याबाई सुलोचनाकडे खूप वेळ बघत होत्या. फोनवरचं ते रडणं त्यांनीही ऐकलं होतं, आणि आत्याबाई रडण्यातला शब्द विसरत नाहीत. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी हात पुढे केला आणि एक फोड घेतली.

"मला सांगायला पायजे होतं तिनं," त्या म्हणाल्या. फोड तोंडात तशीच ठेवून पुढे म्हणाल्या, "सांगितलं असतं तरी मी आलेच असते म्हणा."

मग त्या रडल्या. हेल न काढता, गुणगान न करता, नुसत्या रडल्या, आणि सुलोचना त्यांच्या शेजारी सरकली. इतकी वर्षं राहिलेलं गंगामामीचं रडणं आमच्या बैठकीत कूलरसमोर झालं. तांब्या नेऊन देण्याचं काम माझ्याकडे आलं. "बस करा आता, तोंडावर पाणी घ्या," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि ते मला बऱ्यापैकी जमलं.

दुसऱ्या दिवशी सुलोचना परतूरला गेली. तिला गाडीत बसवून परत येताना आत्याबाई म्हणाल्या, "तो तुझा डागदर उघडा असतो का आता?" मी जास्त काही न विचारता रिक्षा वळवायला सांगितली.

दवाखान्यात गर्दी नव्हती. नर्स तरुण होती, हसरी, प्रत्येकाला विचारायचे प्रश्न तिला पाठ होते. तिने आत्याबाईंना स्टुलावर बसवलं, दंडावर कापूस फिरवला आणि विचारलं, "आजी, याआधी कधी अशी सुई घेतली होती का? तेव्हा ताप आला होता?"

"आल्ता," आत्याबाई म्हणाल्या. "पण तो सुईचा न्हवता. माझ्या भावजयीचा होता."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि तिने सुई टोचली.